सायकल चालवल्याने आपण जास्त आजारी पडतो का?

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारी पहाटे मला २०० किलोमीटरच्या बीआरएमला हजर व्हायचं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बीआरएम म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब अंतर सायकलने पूर्ण करायची राइड. ती शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो, फक्त वेळेत पोचायचं असतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात. शनिवारी रात्री सायकल तयार होती, दिवे लावलेले होते, गूळ-शेंगदाण्याची पुडी हँडलच्या पिशवीत होती. आणि मी नगरमधल्या माझ्या खोलीत १०१ ताप घेऊन पडले होते. आधीच्या नोव्हेंबरातही अगदी असंच झालं होतं.

आईला फोन केला. ती गावाकडून म्हणाली, "ती सायकल आधी विकून टाक. अंगात रगत नाही आन् निघाली दोनशे किलोमीटरला!"

दोन दिवस राग आला. ताप उतरल्यावर लक्षात आलं की आईने एका दमात दोन गृहीतकं मांडली आहेत. पहिलं, सायकलमुळे मी आजारी पडते. दुसरं, माझ्या अंगात रक्त कमी आहे. दोन्ही तपासता येण्यासारखी आहेत. आपण पीएच.डी. करतो, पेपर वाचतो, दुसऱ्यांच्या डेटावर टीका करतो. मग स्वतःच्या तब्येतीबद्दल मात्र "हवामान बदललं म्हणून" एवढ्यावर का थांबतो? हा लेख त्या तपासणीबद्दल आहे. मी डॉक्टर नाही, जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे यातलं काहीही औषधोपचार म्हणून घेऊ नका.

आधी जुना पुरावा: लॉस एंजेलिस, १९८७

"जास्त व्यायाम केला की प्रतिकारशक्ती कमी होते" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यामागचा एक प्रसिद्ध अभ्यास डेव्हिड नीमन आणि सहकाऱ्यांचा आहे. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉनच्या २,३०० हून अधिक धावपटूंना त्यांनी आजारपणाबद्दल विचारलं. मॅरेथॉन धावलेल्यांपैकी १२.९ टक्के लोकांनी पुढच्या आठवड्यात सर्दी-पडशासारखा आजार झाल्याचं सांगितलं. तयारी असूनही इतर कारणांमुळे न धावलेल्यांत हेच प्रमाण २.२ टक्के होतं.

फरक मोठा आहे. यातूनच पुढे इंग्रजी 'जे' अक्षराच्या आकाराचा आलेख प्रसिद्ध झाला: अजिबात व्यायाम न करणाऱ्याला आजाराचा धोका मध्यम, बेताचा व्यायाम करणाऱ्याला सर्वांत कमी आणि अतिव्यायाम करणाऱ्याला सर्वांत जास्त. मला तो आलेख पटला होता. म्हणजे आई बरोबर, सायकल विका!

पण थोडं थांबा. या अभ्यासात आजार कोणी ठरवला? धावपटूंनी स्वतः. घशाचा स्वॅब कोणी घेतला नव्हता. शिवाय मॅरेथॉनच्या दिवशी माणूस फक्त धावत नाही. तो हजारोंच्या गर्दीत उभा राहतो, प्रवास करतो, आदल्या रात्री नीट झोपत नाही, काळजीत असतो. यातल्या नक्की कशामुळे घसा धरला? धावण्याच्या सोबतीने आलेल्या या इतर कारणांना आपण गोंधळ घालणारे घटक म्हणतो. संशोधनाची तयारी करत असाल तर कोणताही पेपर वाचताना हे दोन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा: मोजलं कसं? आणि सोबत आणखी काय बदललं?

मग सायकलपटूंचा अभ्यास

पहिल्या प्रश्नाचं उत्तर २००७ साली आलेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात मिळतं. स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी वरच्या दर्जाचे ३२ आणि हौशी स्पर्धक ३१ असे ट्रायथलीट व सायकलपटू घेतले आणि बैठं आयुष्य असणारे २० लोक तुलनेसाठी. पाच महिने लक्ष ठेवलं. कोणाला सर्दी-घशाचा त्रास झाला की नमुने घेऊन जंतू शोधले.

एकूण ३७ वेळा आजारपण आलं. वरच्या दर्जाच्या खेळाडूंत २१, हौशींत ७, बैठ्या लोकांत ९. म्हणजे 'जे' आकार पुन्हा दिसला. पण गंमत पुढे आहे. ३७ पैकी फक्त ११ वेळा जंतू सापडला. वरच्या दर्जाच्या खेळाडूंच्या २१ आजारपणांत फक्त ६ वेळा.

सगळे जंतू चाचणीत सापडतातच असं नाही, हे खरं. तरीही घसा खवखवणं, नाक वाहणं म्हणजे दर वेळी संसर्गच असं धरून चालत नाही. तासन्‌तास तोंडाने कोरडी, धुळीची हवा ओढली की श्वासमार्गाला सूज येते. ॲलर्जी असते. लक्षणं तीच, कारण वेगळं.

हे वाचून मी माझी वही काढली.

माझी वही: ६१ आठवडे

मी चौदा महिने राइडची नोंद ठेवत होते: किलोमीटर, झोपेचे तास, सकाळची नाडी, आणि "बरं नाही" अशी एक टीप. एकूण ६१ आठवडे, त्यात ९ वेळा "बरं नाही". आता मी त्या नऊंचे दोन गट केले. ताप आलेली आजारपणं तीन. ताप नसलेली, नुसती घसा-नाकाची सहा. सहापैकी चार धुळीच्या राइडनंतर लगेच आलेली: मनमाड रस्त्यावर ट्रकच्या मागे, किंवा बाजरीच्या मळणीच्या दिवसांत गावाकडे. दोन दिवसांत आपोआप बरी झालेली. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाक तपासून ॲलर्जी सांगितली आणि त्याचं औषध सुरू केलं. नऊ आजारपणांचे असे बघता बघता तीनच ताप उरले.

त्या तीन तापांच्या आधीचा आठवडा पाहिला. तिन्ही वेळा झोप सरासरी सहा तासांपेक्षा कमी! एकदा प्रगती अहवाल, एकदा परिषद, एकदा रात्रभर चाललेले प्रयोग. मी आनंदाने ओरडणार होते, पण इथेच बहुतेक जण चुकतात. फक्त आजारी पडलेले आठवडे बघून चालत नाही. आजारी न पडलेले आठवडेही मोजावे लागतात. मोजले. कमी झोपेचे आठवडे एकूण १४, त्यातल्या तिनांत ताप. पुरेशा झोपेचे ४७, त्यात एकही ताप नाही.

हा निव्वळ योगायोग असेल का? ६१ चिठ्ठ्यांमधून डोळे मिटून ३ काढल्या तर तिन्ही त्या १४ मधल्याच निघण्याची शक्यता साधारण शंभरात एक येते. आणि लांब राइड? १०० किलोमीटरपेक्षा जास्त सायकल चालवलेले २० आठवडे होते, म्हणजे एक तृतीयांश. त्यांच्या वाट्याला तीन तापांपैकी एक आला. योगायोगाने जेवढा यायला हवा तेवढाच.

म्हणजे सिद्ध झालं? नाही. मी आधी डेटा पाहिला, मग त्याला बसेल असं गृहीतक केलं, मग त्याच डेटावर ते तपासलं. आधी भिंतीवर बाण मारायचा आणि नंतर त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं, तसा हा प्रकार. शंभरात एक हा आकडा दिसतो तेवढा भक्कम नाही. त्यासाठी नवा डेटा लागतो, आणि नियम आधी लिहून ठेवावा लागतो. तो मी मार्चपासून लिहून ठेवला. निकाल शेवटी सांगते.

झोपेबाबत माझ्या वहीपेक्षा कितीतरी चांगला पुरावा आहे. २०१५ साली प्रॅथर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. १६४ निरोगी स्वयंसेवकांची झोप मनगटी यंत्राने आठवडाभर मोजली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब टाकले. सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या तुलनेत सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत सर्दी होण्याची संभाव्यता चार पटींहून जास्त निघाली. इथे विषाणू सगळ्यांना सारखाच दिला होता, म्हणून हा पुरावा जड.

'उघडी खिडकी' आणि तिच्यावरचा वाद

लांब, जोरदार व्यायामानंतर काही तास रक्तातल्या लिम्फोसाइट पेशींची संख्या खाली जाते. बरीच वर्षं याचा अर्थ असा लावला गेला की तेवढ्या वेळात शरीराची खिडकी उघडी राहते आणि जंतू आत शिरतात. २०१८ साली कॅम्पबेल आणि टर्नर यांनी याला आव्हान दिलं. त्यांचं म्हणणं, पेशी मरत नाहीत. त्या रक्तातून निघून फुप्फुसं, आतडी अशा ठिकाणी पहाऱ्याला जातात. पोलीस चौकीत कमी दिसले म्हणजे गावात पोलीस नाहीत असं नव्हे, कदाचित ते गस्तीवर असतील. २०२० मध्ये दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक पेपर लिहिला आणि आपले मतभेद समोरासमोर मांडले. तो जरूर वाचा. वाद कसा घालावा याचा तो चांगला नमुना आहे. झोप, ताण, प्रवास, गर्दी आणि अपुरं खाणं यांचा खेळाडूच्या आजारपणाशी संबंध आहे, यावर मात्र फारसं दुमत नाही.

अपुरं खाणं. इथे माझी खरी चूक सापडली.

हिशोब जेवणाचा

मला वाटायचं मी भरपूर खाते. मग एका राइडच्या दिवसाचा हिशोब मांडला. यासाठी ऊर्जा-उपलब्धता नावाचं एक सोपं माप आहे: खाल्लेल्या कॅलरीमधून व्यायामात जळलेल्या वजा करा, आणि चरबी सोडून उरलेल्या वजनाने भागा.

माझं वजन ५५ किलो, चरबी सोडून सुमारे ४२ किलो. साठ किलोमीटरच्या राइडला अंदाजे १,००० कॅलरी जळतात. डब्यातलं जेवण, चहा-बिस्किट सगळं धरून खाणं साधारण १,९०० कॅलरी. म्हणजे ९०० भागिले ४२, साधारण २१. तरुण स्त्रियांवरच्या ॲन लाउक्स यांच्या प्रयोगांत ही संख्या ३० च्या खाली गेली की काही दिवसांतच संप्रेरकांचं चक्र बिघडू लागतं असं दिसलं. ४५ च्या आसपास असेल तर शरीराची सगळी कामं नीट चालतात. मी त्या दिवशी ३० गाठायला किमान २,२६० आणि ४५ गाठायला २,८९० कॅलरी खायला हव्या होत्या. (पुरुषांसाठी सीमारेषा कमी असू शकते आणि घरच्या हिशोबात चूक बरीच असते. तेव्हा हे माप दिशा कळायला वापरा.)

या कमतरतेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये एक नाव दिलं. मराठीत आपण 'खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट' म्हणू. लक्षणं: सतत थकवा, हाडं कमकुवत होणं, वारंवार आजारपण, पाळी अनियमित होणं. माझी पाळी चार महिने मागेपुढे होत होती आणि मी ते पीएच.डी.च्या ताणावर ढकललं होतं. मुलींनो, हे ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ११.४ आणि फेरिटिन ९. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय आणि फेरिटिन १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला. आईचं दुसरं गृहीतक शंभर टक्के बरोबर निघालं. चांदबीबी महालाच्या चढावर मला जी धाप लागायची, ती फिटनेसची नव्हती.

एक तांत्रिक गोष्ट: संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन वाढतं, त्यामुळे तापात तपासलं तर साठा खोटा चांगला दिसतो. बरं झाल्यावर तपासा. आणि लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका.

बाजरी: घरचाच पुरावा

लोहाबद्दल वाचताना एक पेपर मिळाला आणि खूप बरं वाटलं. इक्रिसॅट आणि आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून जास्त लोहाचं बाजरीचं वाण तयार केलं, 'धनशक्ती'. २०१२ मध्ये ते महाराष्ट्रात प्रसारित झालं. ही जास्त लोहाची बाजरी माणसांना खरंच उपयोगी पडते का, हे पाहायला महाराष्ट्रातल्याच १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलांवर सहा महिने यादृच्छिक चाचणी झाली. काहींना जास्त लोहाची बाजरी, काहींना साधी. सुरुवातीला ४१ टक्के मुलांत लोह कमी होतं. ज्यांचं लोह कमी होतं, त्यांच्यात ते भरून निघण्याची शक्यता जास्त लोहाच्या बाजरीने १.६४ पट झाली. पुढे त्याच चाचणीतल्या मुलांची हालचाल यंत्राने मोजली, तेव्हा जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांचं बसून राहणं कमी झालेलं दिसलं.

याचा अर्थ भाकरी खाल्ली की सर्दी होत नाही, असा काढू नका. अभ्यासाने जेवढं मोजलं तेवढंच म्हणायचं. आणि तुटलेला साठा भरायला मला गोळ्याही घ्याव्या लागल्या. जेवणातून तो टिकवायचा. त्यासाठी दोन सवयी बदलल्या: जेवणाबरोबर लिंबू किंवा पेरू (राहात्याचे पेरू असताना संत्री कशाला शोधायची?), कारण क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाला लागून चहा बंद, कारण चहाने ते कमी शोषलं जातं. दुसरी सवय सोडताना जास्त त्रास झाला.

आता मी काय खाते

राइडच्या आधी एक केळं. राइड दीड तासापेक्षा लांब असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. एक केळं आणि गुळाचा मोठा खडा मिळून साधारण ५० ग्रॅम होतात. उन्हाळ्यात लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, तेच दवाखान्यात सांगतात ते मिश्रण. घरी आल्यावर तासाभरात पोहे आणि दोन उकडलेली अंडी. दुपारी भाकरी, मटकीची उसळ, दही. रात्री पिठलं-भाकरी किंवा हुलग्याचे शेंगोळे. भाकरी मी स्वतः थापायला शिकले, डब्यात फक्त पोळ्या येतात.

प्रथिनांचं गणित: नियमित व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम धरलं तर मला ६६ ते ८८ ग्रॅम हवीत. दिवसात दोन अंडी (१२), अर्धा लिटर दूध (१६), मूठ-दीड मूठ शेंगदाणे (१२), वाटीभर उसळ (१२), चार भाकरी (२६). झाले ७८. महागडा डबा घ्यावा लागला नाही.

आजारी पडल्यावर

अमेरिकी डॉक्टर रँडी आयकनर यांचा 'मानेचा नियम' सोपा आहे. लक्षणं मानेच्या वर, म्हणजे नाक वाहतंय, शिंका येताहेत, तर हळूहळू दहा मिनिटं चालवून पाहा. बरं वाटलं तर हलकी राइड चालेल. लक्षणं मानेच्या खाली, म्हणजे ताप, अंगदुखी, छातीतला खोकला, जुलाब, तर सायकल भिंतीला. विषाणूच्या तापात जोर लावला तर हृदयाच्या स्नायूला सूज येण्याचा धोका असतो. तो दुर्मिळ आहे, पण जिवावर बेततो. नोव्हेंबरात मी गोळीने ताप उतरवून सराव केला होता, ती माझी सर्वांत मोठी चूक. आता गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप नसेल तरच सुरुवात, तीही नेहमीच्या निम्म्या अंतराने, आणि सकाळची नाडी नेहमीच्या पातळीवर आल्यावर.

छातीत दुखणं, धडधड, विश्रांतीतही धाप, तीन दिवसांपेक्षा जास्त ताप, विनाकारण वजन घटणं: लगेच डॉक्टर. खोकला दोन आठवडे टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्यायची, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. वसतिगृहात राहणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा.

निकाल

मार्च ते डिसेंबर, ४३ आठवडे. आधी लिहून ठेवलेलं गृहीतक: ताप कमी झोपेच्या आठवड्यानंतरच येईल. प्रत्यक्षात ताप एकदाच आला, जुलैत, आणि तोही चांगल्या झोपेच्या आठवड्यानंतर! प्रयोगशाळेत आम्ही पाचही जण एकापाठोपाठ आडवे झालो होतो. म्हणजे माझं नीटनेटकं गृहीतक पहिल्याच खऱ्या परीक्षेत नापास. त्यातही कमी झोपेचे आठवडे या वेळी फक्त पाच होते, त्यामुळे परीक्षाच तशी कमजोर होती. शिवाय झोप, खाणं, लोह, नाकाचं औषध, सगळं मी एकदमच बदललं. त्यामुळे चौदा महिन्यांतले तीन ताप दहा महिन्यांत एकावर आले ते नक्की कशामुळे, हे मी सांगू शकत नाही. सायकलचे किलोमीटर मात्र कमी केले नव्हते, थोडे वाढलेच. आईच्या पहिल्या गृहीतकाला माझ्या वहीत आधार सापडला नाही, एवढंच म्हणता येतं.

बीआरएम डिसेंबरात केली. बारा तास पन्नास मिनिटं, जवळजवळ शेवटून पोचले. पिशवीत आईने बांधून दिलेल्या बाजरीच्या दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. संध्याकाळी फोन केला तर किती किलोमीटर झाले हे तिने विचारलंच नाही. "रगत किती झालं?" म्हणाली. १२.६ सांगितलं.

तुम्ही पीएच.डी.च्या तयारीत असाल तर प्रवेश परीक्षेच्या पुस्तकांसोबत एक साधी वही आजच सुरू करा: झोप, सकाळची नाडी, खाणं, बरं नसलेले दिवस. आणि बरं असलेले दिवसही लिहा, तेच लिहायचे आपण विसरतो.